पाणपोईच्या फाट्यावर

उस्मानपुऱ्यात उन्हाळा आधी कानाला कळतो. होळी झाली की एखाद्या दुपारी वरच्या मजल्यावर कूलरचं लोखंडी स्टँड फरशीवरून ओढल्याचा आवाज येतो. मग समोरच्या इमारतीतून, मग गल्लीच्या टोकाकडून. आठवडाभर सगळी वस्ती करकरत असते. आवाजानंतर वास. कूलरच्या जाळीवर मोसमातलं पहिलं पाणी पडतं, गेल्या वर्षीची धूळ ओली होते आणि त्या वासाला लोक वाळ्याचा सुगंध म्हणतात. वाळा त्यात कुठेच नसतो. दुकानदार वाळा म्हणून देतो ते तासलेल्या लाकडाचं गवत असतं. पण उन्हाळ्यात माणसाला कशावर तरी विश्वास ठेवावा लागतो. शहराचं नाव बदललं, पाटी बदलली. ऊन मात्र जुन्याच पत्त्यावर येतं.

आणि याच दिवसांत आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर पावसाळ्यातल्या सहली ठरू लागतात. अंगाची लाही होत असताना लोक एकमेकांना गेल्या वर्षीचे धबधबे पाठवतात. परवा कुणीतरी विचारलं, "बाई, तुम्ही तर मे महिन्यात डोंगरात जायच्या ना? दोन-तीन वर्षं झाली, गेलाच नाहीत." मी लिहिलं, "गुडघे." गटावर दहा-बारा जणांनी हात जोडले. माझे गुडघे ठणठणीत आहेत. मी जात नाही त्याला कारण दुसऱ्याच एका माणसाचा पाय आहे, आणि तो माणूस आता नाही.

तीस वर्षं मी शाळेत भूगोल शिकवला. सातमाळ्याचे डोंगर, अजिंठ्याचे डोंगर, दख्खनचं पठार हे शब्द मी इतक्या वेळा फळ्यावर लिहिले की त्यातली माती निघून गेली आणि नुसता खडू उरला. म्हणून असेल, मला डोंगर बघायला मे महिनाच आवडायचा. पावसाळ्यात डोंगर दिसत नाही. धुकं दिसतं, आणि धुक्यात शेजारच्या गाडीतलं गाणं ऐकू येतं. मे महिन्यात गवत जळालेलं असतं, सागाची पानं गळालेली असतात, आणि डोंगराचा सांगाडा उघडा पडतो. काळ्या खडकाचे थर एकावर एक, जिना रचल्यासारखे. कुठला लाव्हा आधी आला, कुठला नंतर, ते बोट ठेवून सांगता येतं. रस्ते रिकामे असतात. भजी तळणारे आपापल्या गावी गेलेले असतात. स्वागताच्या कमानीखाली स्वागत करायला कुणी नसतं.

मी हे सांगायची फार. शिक्षकखोलीत, लग्नात, बँकेच्या रांगेत. "आम्ही बाई मे महिन्यात जातो. गर्दीत काय डोंगर बघायचा?" सत्कारसमारंभांना, हारतुऱ्यांना, नावाच्या पाट्यांना मी आयुष्यभर हसत आले. पण मे महिन्यात डोंगरात जाणं ही माझीही मिरवणूकच होती. फक्त तिला बँड नव्हता. हे मला उशिरा कळलं. ज्या दिवशी कळलं त्याबद्दल लिहायचं आहे.

रामेश्वर माझा विद्यार्थी. आठवी ब. फुलंब्रीजवळच्या एका वाडीतून येऊन शहरात मामाकडं राहायचा. घर मेंढरांचं. वडील, आत्या, चुलते, सगळे दिवाळीनंतर मेंढ्या घेऊन बाहेर पडायचे आणि ज्येष्ठात परतायचे. समोच्च रेषांच्या धड्याला तो दर वेळी मार खायचा. म्हणजे वर्गात मी त्याला उभा करून विचारायची आणि तो गप्प राहायचा. पुढे एकदा लक्षात आलं, मेंढ्या डोंगर सरळ चढत नाहीत. एकाच उंचीवरून, कड धरून, चरत जातात. त्याच्या घरातली माणसं पिढ्यान्‌पिढ्या समोच्च रेषांवरूनच चालत आली होती. त्या पोराला मी पुस्तकातून ती रेषा दाखवत होते आणि ती त्याला ओळखू येत नव्हती.

आता तो चाळिशीचा. स्वतःची गाडी चालवतो. जुनीच घेतलेली, पांढरी, मागच्या काचेवर खंडोबा. मला कुठं जायचं असलं की मी त्यालाच बोलावते. तो मला "बाई" म्हणतो, गाडीत पाणी ठेवतो आणि मी बोलत असले की रेडिओ बंद करतो.

तीन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात मी त्याला फोन केला. म्हटलं, शुक्रवारी निघू, कन्नडकडं, घाटाच्या माथ्यापर्यंत. त्यानं वार पुन्हा विचारून घेतला. मग म्हणाला, "बाई, बरंच झालं. तिकडंच आबा आहेत मेंढ्यांवर. त्यांच्या पायाला जखम झालीया. शुगर हाय त्यांना. येताना त्यांना गाडीत घेऊ आणि इथं दवाखान्यात दाखवू. तुमाला चालंल का?"

मी म्हटलं, चालेल म्हणजे काय, माणसाचं आधी.

हे वाक्य मी खरंच बोलले होते.

सगळं त्यानं मला नीट सांगितलं होतं. आबा म्हणजे त्याचे वडील, नाव भिवसन. पायात बाभळीचा काटा मोडला. महिनाभर त्यांनी त्याकडं बघितलं नाही, कारण तो दुखत नव्हता. मग पाय काळा-निळा दिसू लागला तेव्हा त्यांनी त्यावर मेंढ्यांचं औषध लावलं. मेंढीचे खूर सडले की हे लोक पाण्यात निळा मोरचूद कालवतात आणि त्यात तिचे पाय बुडवतात. चार-आठ दिवसांत खूर सुधारतो. भिवसनबाबांनी आपलाही पाय त्यातच बुडवला. रामेश्वर फोनवर ओरडला तर म्हणाले, "मेंढीचा पाय बरा व्हतो. माजा काय सोन्याचा हाय?" आणि पाय दुखत नव्हताच, त्यामुळं औषध लागू पडतंय अशी त्यांची खात्री होती. दुखत नाही हाच आजार आहे, हे त्यांना कुणी पटवायचं?

रामेश्वरनं आठवडाभर रोज फोन करून त्यांना तयार केलं होतं. त्यांच्या जोडीला आणखी एक वाडा होता, म्हणजे दुसऱ्या एका घरच्या मेंढ्या आणि माणसं. ती माणसं पुढं निघायचं थांबवून शुक्रवारी दिवसभर भिवसनबाबांच्या मेंढ्यांवरही लक्ष ठेवणार होती. म्हणून शुक्रवार. म्हणून सकाळी दहा. मेंढ्या बसल्या होत्या त्या शेतापर्यंत गाडी जात नव्हती, म्हणून कन्नडच्या अलीकडं पाणपोईचा फाटा. तिथं ते येऊन थांबणार होते.

आम्ही सहाला निघालो. दौलताबादच्या दरवाज्यातून गाडी एकटीच गेली, एरवी तिथं अर्धा तास हॉर्न ऐकावे लागतात. किल्ला उन्हाच्या आधीच्या उजेडात भाजलेल्या मडक्यासारखा दिसत होता. सीताफळांच्या गाड्या जिथं लागतात तिथं नुसते दगड मांडलेले होते, जागा अडवून ठेवल्यासारखे. खुलताबादला पोचलो तेव्हा सात वाजायचे होते. तिथून एक रस्ता वेरूळवरून कन्नडला जातो आणि एक वर म्हैसमाळला.

मी म्हटलं, "वर जाऊन येऊ."

रामेश्वरनं घड्याळाकडं बघितलं. "आबा दहाला यायचेत, बाई."

"अरे, आत्ता सात. दहाला पोचतो की आपण. आणि झाला अर्धा तास इकडंतिकडं, तर बसतील सावलीला."

"चालतंय," तो म्हणाला आणि त्यानं गाडी वळवली.

त्याच्या त्या "चालतंय"चा मी नंतर फार विचार केला. आमच्या भागात पोरगं एकदा मास्तरांच्या पाया पडलं की पुढं जन्मभर त्यांच्यासमोर त्याला नाही म्हणता येत नाही. आम्ही शाळेत गणित शिकवलं, नकाशे शिकवले. नाही म्हणायला शिकवलं नाही. उलट ज्यानं कधी म्हटलं, त्याला वर्गाबाहेर उभं केलं. मग पंचवीस वर्षांनी तोच विद्यार्थी आपल्या सांगण्यावरून गाडी वळवतो, आणि आपल्याला वाटतं, किती गुणी पोर आहे.

म्हैसमाळ मे महिन्यात जसं असतं तसंच होतं. पठार जळून काळं पडलेलं, मध्ये मध्ये पिवळं. कमानीवरची दोन अक्षरं गळालेली, त्यामुळं स्वागत अर्धवट. कणसं भाजायच्या टपऱ्या दोरीनं बांधून ठेवलेल्या. लाल रंगाची एक मोठी रिकामी चौकट, तिच्यात उभं राहून फोटो काढायचा. तिच्यात तेव्हा एक माकड बसलं होतं आणि ते फोटोपेक्षा बरं दिसत होतं. कड्यापाशी पाटी: धबधब्याजवळ जाऊ नये. खाली खडकावर फक्त एक पांढुरका डाग. पावसाळ्यात सहलकऱ्यांना पाठीवर घेऊन फिरणारा एक घोडा मोकळा सोडलेला होता. तो जमीन हुंगत होता आणि खात काहीच नव्हता.

मी खूश होते. थर्मासमधली कॉफी काढली, थालीपीठं काढली. ऊन जरा तिरपं असताना समोरच्या डोंगराचे थर सावल्यांनी वेगळे होतात, आणि ते बघायला थांबावं लागतं. मी थांबले. मग दुसऱ्या कड्यावर जाऊ म्हटलं. तिथून पश्चिमेकडची रांग दिसते. रामेश्वर दोनदा बाजूला जाऊन फोन लावून आला. रेंज नव्हती, इथंही आणि बहुधा तिथंही. मी विचारलं, "काय रे?" तो म्हणाला, "काय नाय, बाई."

मग मी त्याला लाव्ह्याचे थर समजावून सांगितले. कसा एक थर थंड झाला, त्यावर दुसरा आला, मध्ये लाल मातीची पट्टी का राहते. जुनी सवय. तो हात मागं बांधून उभा होता. चाळिशीचा माणूस, डोक्यावरचे केस विरळ झालेले, आठवी बमध्ये उभा राहायचा तसा उभा. त्याचा बाप त्या वेळी फाट्यावर येऊन बसलेला होता. आणि मी सांगत होते की हे सगळं व्हायला लाखो वर्षं लागली. शेवटी विचारलंही, "कळलं ना?"

"कळलं, बाई."

खाली उतरलो तेव्हा बारा वाजत आले होते. वाटेत वेरूळला उसाचा रस घेऊ असं मी म्हणणार होते. त्याचे हात स्टिअरिंगवर ज्या तऱ्हेनं होते ते बघून मी गप्प बसले. एवढाच काय तो माझा त्या दिवसाचा समजूतदारपणा.

फाट्यावर एक वाजता पोचलो. पाणपोई म्हणजे चार पत्रे आणि त्यावर कुणा भावी नेत्याचा फलक. हात जोडलेले, गळ्यात हार, चेहरा पाणपोईपेक्षा मोठा. खाली दोन माठ पालथे. पाणी म्हणाल तर फलकावर निळ्या रंगात होतं. पण फलकाची सावली पडली होती, ती तेवढी खरी होती. तिथं कुणीच नव्हतं.

शेजारच्या पंक्चरच्या दुकानातून एक दाढीवाले चाचा टायर लोळवत बाहेर आले. रामेश्वरनं विचारायच्या आधीच म्हणाले, "वो धनगर बाबा? नौ बजेसे बैठे थे यहाँ. आत्ता बारा को उठ के गए."

"गेले? कसे गेले?"

"कैसे मतलब? पैदल. मैं बोला, रुको बाबा, गाडी आती. बोले, कब की आती? बोले, गाडीच नहीं तो जोडीवालों को काहे को रोकूँ, उनको आगे निकलने का है, मेंढ्यां को पानी मैंच पिलाता." चाचांनी माझ्याकडं बघितलं, मग पुन्हा रामेश्वरकडं. "पैर का हाल लई खराब है रे. पट्टी यहीच बदले."

त्यांनी हनुवटीनं दाखवलं. माठाच्या घडवंचीपाशी धोतराची एक चिंधी पडली होती. हिरवट-निळी, कडेला काळी, आणि माशांनी भरलेली. रामेश्वर तिच्याकडं बघत राहिला. मग त्यानं पायानं माती सारून ती झाकली.

फाट्यापासून शेत तीन-साडेतीन किलोमीटर. निम्म्या वाटेवर कोरडा ओढा लागला, तिथं गाडी अडली. पुढं पायी. मी माझे चांगले बूट घालून त्या वाटेनं चालले आणि दर दहा पावलांना मला आठवत होतं की याच वाटेनं तासाभरापूर्वी तो माणूस गेला आहे, तसल्या पायावर, आणि त्याआधी सकाळी आलाही आहे. ढेकळांचं रान. ओळखीचा डोंगर समोर होताच. वरून ज्याचे थर मी मोजले होते, त्याचीच ही खालची बाजू. खालून त्याला थर नव्हते. नुसती उष्णता होती, भिंतीसारखी.

भर उन्हात मेंढ्या काय करतात ते मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. एकही मान वर नव्हती. प्रत्येकीनं डोकं दुसरीच्या पोटाखाली घातलेलं. दीडशे जनावरं एकमेकींची सावली होऊन उभी होती. लांबून ते एकच काळं, धापा टाकणारं काहीतरी वाटत होतं.

एका वाळक्या लिंबाखाली भिवसनबाबा टेकून बसले होते. लांब, हडकुळे, लाल पागोटं, डोळे मिटलेले. पायाला नवी चिंधी. त्यांची बहीण सोजरबाई, रामेश्वरची आत्या, साठीची असेल, कमरेला पदर खोचून, पाण्याचा रिकामा हंडा घेऊन समोर उभी. तिनं आम्हाला येताना बघितलं आणि आमच्या दोघांमधलं काहीतरी तिला लांबूनच कळलं असावं.

"आलास व्हय?" ती रामेश्वरला म्हणाली. "बस. च्या टाकते. घाई नाय आता कायची."

"आत्या, ऐक तर—"

"काय ऐकू? म्हातारा फजरला उठला, नवं धोतर नेसला. मी म्हनलं, लगीन हाय का काय? म्हनं शहराच्या दवाखान्यात असं कसं जायचं. काठी घिऊन गेला. तीन तास बसला माकडावानी. कुठं मेलतास तू?"

रामेश्वर माझ्याकडं बघत नव्हता. तो माझं नाव घेणार नाही हे मला कळलं. म्हणून मीच म्हटलं, "माझ्यामुळं उशीर झाला. आम्ही म्हैसमाळला गेलो होतो."

"कशाला?"

"डोंगर बघायला."

सोजरबाईनं हंडा खाली ठेवला. मागं वळून तिनं डोंगराकडं बघितलं, अगदी नीट, जणू तो तिथंच आहे ना याची खात्री करून घेतली. "आन् ह्यो काय हाय?" ती म्हणाली. "सांगायचं नाय का आमाला, बाई? हितंच दावला असता. च्यासकट."

मला हसू यायला हवं होतं. एरवी असं वाक्य मी चार ठिकाणी सांगितलं असतं.

रामेश्वर बापापाशी बसला. "आबा, चला. गाडी वढ्यापाशी उभी हाय. मी पाठीवर नेतो तुमाला."

भिवसनबाबांनी डोळे उघडले. "मी आलतो," ते म्हणाले. रागानं नाही. "तुमी नव्हता."

"चुकलं, आबा. आता चला."

"आता कसं? मी माघारी आलो तसा जोडीचा वाडा गेला घाटाकडं. ते होते तवर सोजरला हात होता. आता येकटी बाई दीडशे मेंढ्या कशी वळवील? राती लांडगं येतंय हितं."

"मी थांबतो मेंढ्यांवर."

"मग गाडी कोन चालवनार? ह्या?"

तिघांनीही माझ्याकडं बघितलं. मला गाडी चालवता येत नाही. कधी शिकावीशी वाटली नाही. कुणीतरी नेणारं होतंच.

मी अ‍ॅम्ब्युलन्सचं बोलले. त्यासाठी पुन्हा रेंज शोधत फाट्यावर जायला लागलं असतं, पण तेवढं तर मी चालले असते. म्हातारबाबा म्हणाले, "ती मेल्यावर बोलवा. मेंढ्या टाकून मी त्यात बसत नसतो." मी अधिकारवाणीनं बोलून बघितलं, जखमेचं, साखरेचं, रक्ताचं. तीस वर्षांचा आवाज होता माझ्याकडं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुमी डाक्टर का?" मी म्हटलं, नाही, भूगोलाची शिक्षिका. "बरं," ते म्हणाले आणि त्यांनी डोळे मिटले.

दोन तास रामेश्वर विनवत होता. ओरडला, रडला, पुन्हा विनवलं. सोजरबाईनं खरंच चहा केला, काळा, गुळाचा, आणि माझ्या हातात पितळी देताना म्हणाली, "प्या. तुमी तरी किती चालून आला." टोमणा होता की नव्हता ते मला अजून ठरवता येत नाही.

शेवटी ठरलं ते असं: रामेश्वरनं मला घरी सोडायचं, गावाकडून कुणाला तरी मेंढ्यांसाठी घेऊन यायचं आणि मग बापाला न्यायचं. म्हणजे माझ्यासाठी पुन्हा एक फेरी. मी म्हटलं, मी इथंच थांबते, तू जा. सोजरबाई म्हणाली, "नगं बाई. तुमाला राखायला आनिक येक मानूस कुठनं आनू?"

परतीच्या वाटेवर डोंगर संध्याकाळच्या उजेडात होते. जाणकार सांगतील, हीच खरी वेळ. मी काचेतून बघितलं नाही. रामेश्वर एकच वाक्य बोलला, दौलताबादच्या घाटात. "आठ दिस बोलत होतो बाई त्यांच्याशी. आयुष्यात पयल्यांदा हो म्हनले होते."

लग्नसराई होती. मोकळा माणूस मिळायला दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी भिवसनबाबांना आणलं तेव्हा अंगात ताप होता आणि ते मेंढ्यांना नावानं हाका मारत होते. सरकारी दवाखान्यात पाय गुडघ्याच्या वरून काढायचं ठरलं. काढला. पुढचे सहा दिवस ते होते, आणि मग नव्हते. तिथल्या तरुण डॉक्टरला मी गाठून विचारलं की तीन दिवस आधी आणलं असतं तर. तो चांगला मुलगा होता. म्हणाला, "मॅडम, महिनाभर आधी आणायला हवं होतं." मी म्हटलं, महिन्याचं नाही विचारत, तीन दिवसांचं विचारते. तो फाईल चाळत राहिला.

बाहेरगावच्या हॉटेलवाल्यांनी आणलेला शब्द आहे ऑफ-सीझन. मी तो मोठ्या प्रेमानं वापरायची. डोंगराला कसला ऑफ-सीझन? गिऱ्हाईक नाही, एवढाच त्याचा अर्थ. ज्या महिन्यात मला तो निवांत वाटायचा, त्याच महिन्यात त्याच्या पायथ्याशी माणसं पाण्यासाठी कोस कोस जनावरं वळवत असतात. मी रिकामं रिकामं म्हणून ज्याचं कौतुक केलं, ते रिकामं नव्हतं. मी उंचावर उभी होते, एवढंच.

मेंढ्या पुढं सोजरबाईच्या मुलांनी नेल्या. रामेश्वर अजून मला त्याच्या गाडीतून नेतो. दवाखान्यात, बँकेत, लग्नाला. मी बोलले की रेडिओ बंद करतो. त्या दिवसाबद्दल त्यानं कधीच काही म्हटलं नाही, आणि मी जरा बोलायला गेले की म्हणतो, "जाऊ द्या, बाई." त्यानं एकदा तरी मला दोष द्यावा असं मला वाटतं. पण ते त्याला कुणी शिकवलेलं नाही.

पाय काढायच्या दिवशी सकाळी मी वॉर्डात गेले होते. रामेश्वर कागदांवर सह्या करायला गेला होता. ताप उतरलेला होता आणि भिवसनबाबा शुद्धीवर होते. पागोट्याशिवाय त्यांचं डोकं फार लहान दिसत होतं. मी खाटेपाशी उभी राहिले. घरून वाक्य ठरवून गेले होते, ते म्हटलं. "बाबा, त्या दिवशी तुम्हाला फाट्यावर बसावं लागलं ते माझ्यामुळं. रामेश्वरनं वेळेवर निघायचं म्हटलं होतं. मीच त्याला वर नेलं."

"व्हय," ते म्हणाले. "म्हैसमाळाला."

"हो."

ते छताकडं बघत होते. मग मान वळवून त्यांनी माझ्याकडं बघितलं. म्हैसमाळला ते तरुणपणी मेंढ्या घेऊन जायचे, हे मला नंतर कळलं.

"गवत हुतं का वर?"

"नव्हतं," मी म्हणाले. "सगळं जळालेलं होतं."

"पानी?"

"नाही."

त्यांच्या कपाळावर आठी पडली. राग नव्हता. हिशेब जुळत नाही तेव्हा माणूस बघतो तसं ते माझ्याकडं बघत होते, आणि त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

"मग?" त्यांनी विचारलं.